फीड रीडर चालवताय? मग ईटॅग लेखांसोबतच सेव्ह करा
सांगलीत आम्ही पाच-सहा मित्र मिळून एक छोटा फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइट्सचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारा प्रोग्रॅम, चालवतो, विश्रामबागेतल्या एका खोलीतून, सर्व्हर भाड्याचा आणि अगदी बारका. सुरुवातीला दर पंधरा मिनिटाला प्रत्येक फीड (साइटच्या लेखांची यादी असलेली फाइल) अख्खं ओढून आणायचो, नवीन काही असो वा नसो, आणि त्यात समोरच्याच्या सर्व्हरलाही फुकटचा त्रास.

तर फीड आलं की त्यासोबतचा ईटॅग (त्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची तारीख) जपून ठेवा, पुढच्या वेळी फीड मागताना इफ-नन-मॅच आणि इफ-मॉडिफाइड-सिन्स ह्या हेडरमध्ये अनुक्रमे तेच परत पाठवा. काही बदललं नसेल तर नुसता ३०४, म्हणजे 'काही बदललं नाही' हा कोड येतो, मजकूर येतच नाही. ईटॅग आला तसाच ठेवायचा बरं का, अवतरणचिन्हांसकट, आणि तारीख आपल्या घड्याळाची घालायची नाही.

पण खरी मेख पुढं आहे. आम्ही ईटॅग आधी सेव्ह करायचो आणि फीड नंतर पार्स करायचो, म्हणजे त्यातले लेख वेगळे काढायचो, मधेच एकदा डेटाबेस बंद पडला, ईटॅग राहिला पण लेख गेले, आणि मग पुढं ३०४ च येत राहिला, कारण समोरच्याला वाटतंय की ह्यांच्याकडं सगळं आहे! म्हणून लेख आणि ईटॅग डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, सेव्ह झाले तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही.

४२९ ('फार वेळा मागताय') आला तर सोबतच्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलंय तेवढं थांबायचं. ४१० ('हे कायमचं काढून टाकलंय') आला तर ते फीड कायमचं बंद करा, उगाच दार वाजवत बसू नका.