लीला राव यांची कारकीर्द कशी जुळवाल?

शिवाजी पार्कला मी ज्या मुलींना टेनिस शिकवते, त्यांना सानिया पाठ असते, लीला राव माहीत नसतात. मुंबईत जन्मलेल्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनचा सामना जिंकल्या. तिथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मला याचं फार वाटतं, म्हणून हौशी काळातल्या, म्हणजे खेळून पैसे मिळत नसत तेव्हाच्या, खेळाडूची कारकीर्द कशी शोधायची ते सांगते.

क्रमवारी शोधत बसू नका. महिलांची संगणकीय क्रमवारी १९७५ पासूनची. बक्षिसाची रक्कमही सापडायची नाही, कारण विम्बल्डन व्यावसायिकांना खुलं झालं तेच १९६८ मध्ये. हाती उरतो स्कोअर. तो नीट वाचायचा.

ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिल्या फेरीत लीलाताईंचा स्कोअर होता ४-६, १०-८, ६-२. दुसऱ्या सेटवर बोट ठेवा. विम्बल्डनला टायब्रेक, म्हणजे बरोबरीत अडलेला सेट संपवणारा खास गेम, १९७१ मध्ये आला. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच. पहिला सेट हातचा गेलेला, दुसरा गेला की खेळ खलास, आणि तशात अठरा गेम! मग तिसरा ६-२. माझ्या मते सामना त्या अठरा गेममध्येच फिरला. पुढच्या फेरीत त्या इडा अ‍ॅडमॉफकडून हरल्या. तेही वहीत उतरवा, हार गाळू नका.

मग फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक लायब्ररीत जा. तारखा घरूनच ठरवून न्या, नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांत दिवस कधी संपला कळत नाही. विम्बल्डनसाठी जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा. बातमी तारेने यायची, तेव्हा सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे तीन-चार अंक तरी चाळा.

नावांत फार घोटाळे होतात. इंग्रजीत यांचं आडनाव आर-ओ-डब्ल्यू असं छापलेलं असतं, आपल्या सवयीचं आर-ए-ओ नव्हे. त्यातून आई, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळायच्या. म्हणजे ‘मिसेस राव’ आणि ‘मिस राव’ या दोन वेगळ्या खेळाडू, नुसत्या आडनावावर नोंद करू नका. हरीश्वर दयाल यांच्याशी लग्न झाल्यावर लीला राव दयाल, तेही नाव शोधा. पुरुषांतही हेच. हसन अली आणि अथर अली फैजी हे दोघे भाऊ डेव्हिस चषक, म्हणजे देशादेशांतली पुरुषांची सांघिक स्पर्धा, खेळले. तिथे आद्याक्षरं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वहीत तारीख, स्पर्धा, फेरी, प्रतिस्पर्धी, स्कोअर आणि कुठल्या अंकात सापडलं, एवढे रकाने पुरे.

१९४० ते १९४५ विम्बल्डन झालंच नाही. पण तेवढ्यावरून त्या वर्षांची पानं ओलांडू नका. लीलाताई अखिल भारतीय स्पर्धेत एकेरीच्या अनेकदा विजेत्या होत्या, आणि विम्बल्डनच्या त्या एका विजयाइतकंच वजन मी या विजेतेपदांना देते. युद्धाच्या वर्षांत इकडच्या स्पर्धांचे निकाल शोधा.