पोलिसांनी गाडी अडवली तर: काय द्यायचं, काय मागून घ्यायचं

लायसन हातात पडलं की आमच्या क्लासमधली मुलं पेढे घेऊन येतात आणि पेढा तोंडात असतानाच विचारतात, "मॅडम, पोलिसानं धरलं तर काय करायचं?" धरूच नये म्हणून काय करायचं, हे कुणी विचारत नाही. असो. मी सांगलीत गाडी चालवायला शिकवते. शंभरफुटी रोड आणि विश्रामबागच्या गल्ल्यांतून दुसऱ्याच्या क्लचचे गचके खाणं हा माझा व्यवसाय, त्यामुळं चौकातल्या पोलिसांशी रोजची गाठ. बरेचसे सरळ असतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात दिवसभर उभं राहून दाखवा, मग त्यांच्या आवाजाबद्दल तक्रार करा.

तरी प्रत्येक बॅचला मी एक गोष्ट बजावून सांगते. आपण बरोबर आहोत हे रस्त्यावर सिद्ध करत बसू नका. तिथं दोनच कामं: कायद्यानं जे द्यावं लागतं ते द्यायचं, आणि जे घडलं त्याचा कागद मागून घ्यायचा. भांडण नंतर, आणि जिथं ते ऐकून घेतात तिथं.

हात दाखवला की

थांबा. वर्दीतल्या पोलिसाचा इशारा डावलून पुढं गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली वेगळा दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन हजारांपर्यंत. मूळ चूक पाचशेची आणि पळाल्याचे दोन हजार, हा धंदा परवडत नाही.

इंडिकेटर द्या, गाडी पूर्ण डावीकडं घ्या, बंद करा, आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाका. यातलं शेवटचं मी मुलांकडून घटवून घेते. आपल्याकडं निम्मी वादावादी किल्लीवरून होते: पोलीस पुढं येतो, हात घालून किल्ली काढतो आणि चालायला लागतो. मोटार वाहन कायदा अख्खा चाळा, वाहतूक पोलिसानं अशी किल्ली काढून घ्यावी असं कलम त्यात नाही. किल्ली आपल्याच खिशात असली की प्रश्नच मिटतो. काढलीच, तर हातातून ओढू नका. "साहेब, कागद दाखवतो, किल्ली द्या," एवढंच म्हणा आणि छातीवरची नावाची पट्टी वाचून ठेवा. रात्रीची वेळ असेल तर कारमधला दिवा लावा, काच खाली घ्या, दोन्ही हात दिसू द्यात. समोरच्या माणसालाही धाकधूक असते.

अडवणारा वर्दीत असायला हवा. लायसन मागायचा अधिकार कलम १३० नं दिलाय तो वर्दीतल्या पोलिसाला. साध्या कपड्यातला कुणी "कागद काढ" म्हणाला तर ओळखपत्र बघायला मागा, आणि "साहेब" म्हणूनच मागा. शंका फिटेना तर ११२ ला फोन लावता येतो.

कागद

लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. रिक्षा, टेम्पो, मालवाहतूक असेल तर परमिट आणि फिटनेसही. हे मूळ कागद घेऊन फिरायची गरज आता राहिलेली नाही. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला आणि डिजिटल कागद चालतील असं त्यात आलं. फक्त ते सरकारच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले हवेत. लायसनचा फोटो काढून गॅलरीत ठेवलाय, तो नव्हे. डिजिलॉकरमध्येसुद्धा आपणच स्कॅन करून चढवलेला कागद वेगळा आणि सरकारी खात्याकडून आलेला वेगळा. 'इश्यूड' खाली दिसतो तोच चालतो.

हे काम चौकात उभं राहून करायचं नाही. तिथं हमखास ओटीपी येत नाही, नेट गोल गोल फिरत राहतं आणि मागं हॉर्न वाजतात. घरी चहा पिताना करा. आधारवर "सुनिल" आणि लायसनवर "सुनील" असं काही असेल तर ॲप कागद ओढून घेताना कुरकुर करतं, ते घरीच कळलेलं बरं. आणि पोलिसाला स्क्रीन दाखवा, फोन हातात देऊ नका. द्यायचं असं काही बंधन नाही.

कागद आहेत पण आत्ता जवळ नाहीत, असं असेल तर १५ दिवसांत पोचवायची सोय त्याच नियमात आहे. सांगून बघा. चलन तरीही होईल, बहुतेक वेळा होतंच. पण "कागद जवळ नव्हते" आणि "लायसनच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला कलम १८१ खाली पाच हजार. पोलिसाच्या हातातल्या चलनाच्या मशीनमध्ये नेमकं काय टाकलं जातंय, तिकडं लक्ष ठेवा.

लायसन ठेवून घेतलं तर

माझा एक विद्यार्थी पहाटे दूध घालायचा. एका चौकात त्याचं लायसन घेतलं आणि "संध्याकाळी चौकीत ये" म्हणून सांगितलं. संध्याकाळी हा गेला तर सकाळच्या ड्युटीवाले घरी गेलेले, आणि लायसन कुणाकडं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्याच चौकात पुन्हा अडवला. आता दाखवणार काय? हेलपाटे घालून घालून शेवटी एका ड्रॉवरमध्ये रबर बँड लावलेल्या गठ्ठ्यात ते सापडलं.

त्यानं पोचपावती मागितली नव्हती. कलम २०६ नुसार काही गुन्ह्यांत पोलीस लायसन ताब्यात घेऊ शकतात, हे खरं. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की ताब्यात घेताना तात्पुरती पोच द्यायची, आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा पोचवर घातलेल्या तारखेपर्यंत त्या पोचवर गाडी चालवता येते. म्हणजे ती चिठ्ठी हेच तुमचं लायसन. शब्द साधे ठेवा: "साहेब, ठेवून घ्या, फक्त पोच द्या." बऱ्याच वेळा एवढ्यावरच लायसन परत हातात येतं.

गाडीच ताब्यात घेतली तरी तेच. लायसन, रजिस्ट्रेशन किंवा परमिट नसेल तर कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. हेल्मेट नव्हतं म्हणून त्या कलमाखाली गाडी नेता येत नाही. नेली तर कोणत्या कलमाखाली नेली, ते लिहून मागा. जाण्यापूर्वी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा आणि डिकीतलं सामानही त्यात येऊ द्या.

दंड

आपण ज्याला दंड म्हणतो ती जागेवर भरायची रक्कम कायद्याच्या हिशेबात तडजोड शुल्क आहे. कलम २०० खाली तुम्ही गुन्हा मान्य करून पैसे भरता आणि प्रकरण तिथं संपतं. तडजोड दोघांच्या मर्जीनं होते, त्यामुळं "मला मान्य नाही, कोर्टात पाठवा" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. हे म्हणताना आवाज चढवायचं कारण नाही.

मान्य आहे पण खिशात पैसे नाहीत, तर "अनपेड टाका" म्हणा. मशीनमध्ये तसं चलन होतं, मोबाइलवर मेसेज येतो आणि घरी बसून भरता येतं. एटीएमपर्यंत कुणी सोबत यायची गरज नाही. मशीनमधून निघालेली पावती तिथंच वाचा: गाडीचा नंबर, जागा, वेळ, कलम, रक्कम. आणि लगेच फोटो काढून ठेवा, कारण तो कागद महिन्याभरात पांढराफटक पडतो.

पावतीशिवाय "दोनशे द्या आणि जावा" म्हणणारा भेटलाच, तर त्याला पैसे म्हणजे लाच, आणि देणं हाही गुन्हाच. "साहेब, पावती करा," म्हणा. लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं, १०६४ वर. हेही सांगते की असा माणूस बऱ्याचदा आपणच तयार करतो. ट्रिपल सीट धरल्यावर "साहेब, जरा ॲडजस्ट करा की" ही सुरुवात कुणाकडून होते?

चलन चुकीचं असेल तर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीचा रकाना आहे. आधी चलनाचा फोटो उघडून बघा. आमच्या क्लासमधल्या एका ताईंच्या स्कूटरला मुंबईतलं चलन आलं होतं, आणि ती स्कूटर मिरजेच्या पुढं कधी गेलेली नाही. फोटोत कुणाची तरी मोटारसायकल, नंबरचा एक आकडा चुकीचा वाचलेला. आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडून तक्रार टाकली. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असे आदेश राज्यात २०२५ मध्ये निघाले आहेत. तसं झालं असेल तर तक्रारीत लिहा.

व्हिडिओ आणि "सरकारी कामात अडथळा"

रस्त्यावर चाललेल्या तपासणीचं चित्रीकरण करू नये असा कायदा नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तर पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं निषिद्ध ठिकाण होत नाही, म्हणजे तिथलं चित्रीकरणही त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं म्हटलंय. पण मोबाइल समोरच्याच्या नाकापुढं नाचवला की प्रकरण बिघडतं. छातीशी धरा, बोलणं नीट ऐकू येईल एवढं बघा, आणि स्वतःचं तोंडही त्यात रेकॉर्ड होतंय हे विसरू नका.

"सरकारी कामात अडथळा" ही धमकी सगळ्यांना माहिती. जुन्या दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. कलम विचारणं, पोच मागणं हा हल्ला होत नाही. कॉलर, हात, मशीन यातल्या कशालाही स्पर्श करू नका. एक धक्का लागला की पाचशेच्या चलनाचं दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात रूपांतर होतं.

दारूच्या तपासणीला नकार देऊ नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि फुंकायला नकार देणाऱ्याला अटकही होऊ शकते. नवी नळी मागा, आकडा स्वतः बघा.

अटकेची वेळ आलीच, म्हणजे दारू पिऊन किंवा जिवावर बेतेल अशी गाडी चालवल्याचं प्रकरण असेल, तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकील भेटू देणं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं हे बंधनकारक. बाईची झडती बाईनंच घ्यायची. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत, अपवादात्मक परिस्थिती सोडता, बाईला अटक करायची नाही, आणि केली तर महिला अधिकाऱ्यानं, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी काढून. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा नंबर १५१००.

अजून एक काम आजच करा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच चालू नंबर आहे का, ते बघा. सेकंड हँड गाडी असेल तर अजून जुन्या मालकाचा असेल, चलनं त्याला जातात आणि तुम्हाला थेट कोर्टाची नोटीस मिळते. आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एखादी एपीके फाइल आली तर उघडू नका. चलन अशी फाइल पाठवून येत नाही. तिनं खातं रिकामं होतं. आलाच मेसेज, तर महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून खरं काय ते बघा.