रंगाचा दुसरा हात कधी द्यायचा?

मी पहिलं मिनिएचर, म्हणजे बोटभर उंचीची आकृती, रंगवायला घेतलं तेव्हा जुलै होता. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला. घरातले सगळे पंचगंगा किती फुटांवर आली ते बघत होते (३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं) आणि मी ५४ मिलिमीटरच्या एका रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या) मावळ्याच्या गालाकडे बघत होते.

साबणाच्या पाण्यानं धुणं, साच्याची रेघ तासणं, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), हे सगळं तुम्हाला माहीत असणार. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि ब्रश टिश्यूला टेकवून मगच लावायचा, हेही. मीही ते सगळं केलं होतं. अंगरंगाचा पहिला हात मस्त बसला. पाच-सात मिनिटांत चकाकी गेली, म्हटलं वाळला. दुसरा हात द्यायला ब्रश फिरवला आणि खालचा रंग पापुद्र्यासारखा उचलून आला. गालावर खड्डा. तो बुजवायला आणखी रंग, त्याची कड दिसू नये म्हणून आणखी थोडा. तासाभरात मावळ्याला देवी आल्यासारखा चेहरा झाला. रडले नाही, पण जेवलेही नाही.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण नवे लोक यातच अडकतात आणि दोष ब्रशला देतात. अ‍ॅक्रिलिक रंगातलं पाणी उडतं, मग त्यातले कण एकमेकांना चिकटून सलग थर बनतो. वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओलाच असतो. उन्हाळ्यात हा फरक काही मिनिटांचा. आपल्याकडच्या पावसात हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यामुळे तो बराच लांबतो. अशा अर्ध्या ओल्या थरावर नवा ओला रंग आला की वरची साय मऊ पडते आणि ब्रशचे केस ती ओढून नेतात. पहिल्या फटक्याला काही होत नाही, म्हणून आपण फसतो. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा ब्रश गेला की फाटतं. चकाकी जाणं म्हणजे वाळणं नव्हे. मॅट रंग ओला असतानाही मॅट दिसू शकतो.

हे मला व्हिडिओंतून कळलं नाही. तिथले गुरू ज्या कोरड्या हवेत बसतात, तिथं 'दोन मिनिटं थांबा' चालत असेल. मला कळलं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. गणपती रंगवणाऱ्या एका काकांना मावळा दाखवला. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "वरनं वाळलं म्हंजे आतनं वाळलं असं नसतंय, पोरी." आणि हाताची मागची बाजू एका मूर्तीला टेकवून दाखवली. गार लागलं तर आत ओल आहे. माझं स्पष्ट मत आहे की डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसणं हे शंभर व्हिडिओंपेक्षा भारी.

मावळ्याच्या गालाला हात टेकवता येत नाही. म्हणून मी रेझिनच्या उरलेल्या तुकड्यावर तोच रंग, त्याच वेळी, तेवढाच लावते आणि तो ओठाला टेकवून बघते (विषारी रंगद्रव्य असलेल्या डबीच्या बाबतीत हे करू नका, मनगट वापरा). गार लागला की थांबायचं. पावसाळ्यात मी अर्धा तास तरी धरते. कंटाळा येत असेल तर दोन-तीन आकृत्या एकदम घ्या. एकाचा गाल वाळेपर्यंत दुसऱ्याची ढाल.

हेअर ड्रायरनं घाई करू नका. रेझिनचा बारीक भाग गरम झाला की मऊ पडतो. माझ्या दुसऱ्या मावळ्याचा भाला तेव्हापासून वाकडा आहे. स्प्रे प्रायमर मुसळधार पावसात मारलात तर ओल धरून पांढुरका होतो आणि मे महिन्याच्या दुपारी लांबून मारलात तर हवेतच वाळून दाणे पडतात. महागडा ब्रश यातल्या कशावरही इलाज नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बरं, फाटलाच थर, तर घाबरू नका. ब्रश खाली ठेवा, हे सगळ्यात अवघड. एक दिवस जाऊ द्या. मग १००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) भिजवून हलक्या हातानं फिरवा, कड बोटाला लागेनाशी झाली की पुन्हा पातळ हात. बहुतेक चेहरे वाचतात. फारच जाड झालं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रंग काढता येतो, पण आधी उरलेल्या तुकड्यावर बघा, काही प्लास्टिकं आणि रेझिन त्यात खराब होतात.

माझा तो पहिला मावळा मी सोलला नाही. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, तेव्हा त्याला पहारा मिळतो मागच्या बुरुजावर, खराब गाल भिंतीकडे.