पट्टी नीट विझत नाही, मॉसफेट तापतो: पीडब्ल्यूएमच्या जोडणीतल्या या चुका टाळा

गेल्या गणपतीत मखराची पाच मीटर एलईडी पट्टी आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर छान मंद-तेज होत होती. यंदा ती मोबाइलवरून चालवायची म्हणून उनो काढून वायफायवाला ईएसपी३२ बोर्ड लावला. पट्टीची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉसफेट, तोच, वायरी त्याच, प्रोग्रॅमही जवळपास तोच. पट्टी नुसती मिणमिणली आणि पाचेक मिनिटांत मॉसफेटला बोट लावणं मुश्कील झालं. मी दोन तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच.

पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं, दोष झाकतो, ही खरी अडचण. पट्टी अर्धवट उजळली की वाटतं, ड्युटी सायकल, म्हणजे वीज चालू असण्याचा वाटा, कमी असेल. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरच अर्धवट उघडलेला असतो. त्याने एक तर पूर्ण चालू व्हायचं नाही तर पूर्ण बंद; मध्येच रेंगाळला की पट्टीच्या वाट्याची वीज तो स्वतःच्या अंगावर जाळतो.

आधी पीडब्ल्यूएम काढा, मग मीटर लावा

प्रोग्रॅममधून पीडब्ल्यूएम पूर्ण काढून टाका. बोर्डची पिन दहा सेकंद हाय (चालू), दहा सेकंद लो (बंद), बस्स. पीडब्ल्यूएम चालू असताना मोजलं तर साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो: ५ व्होल्टच्या पिनवर ५० टक्के ड्युटी असेल तर २.५ व्होल्ट. तो आकडा बघून 'पिन गेली' म्हणत बोर्ड बदलणारे मी पाहिलेत.

मॉसफेटला तीन पाय: गेटला पिन, ड्रेनला पट्टी, सोर्सला ग्राउंड. पिन हाय असताना काळी प्रोब सोर्सवर ठेवा आणि लाल प्रोब आधी गेटवर, मग ड्रेनवर. गेटवर पिनएवढाच व्होल्टेज हवा. ड्रेनवर जवळपास शून्य हवं. दोन अँपिअरला चांगला मॉसफेट ०.१ व्होल्टसुद्धा खात नाही. ड्रेनवर एक, दोन, तीन व्होल्ट दिसले तर तो अर्धवट उघडलाय. पिन लो केल्यावर ड्रेनवर १२ किंवा थोडं कमी दिसेल. कमी का? तर मीटरच्या नगण्य करंटवरही एलईडी आपला वाटा खातात. तो दोष नाही. ड्युटी ५० टक्के असताना पट्टी जवळपास पूर्ण उजळल्यासारखी दिसते तोही दोष नाही. आपला डोळाच तसा आहे.

थ्रेशोल्डचा आकडा वाचून मॉसफेट घेणं

माझ्याकडे होता आयआरएफझेड४४एन. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, गेटचा थ्रेशोल्ड (मॉसफेट उघडायला लागतो तो व्होल्टेज) २ ते ४ व्होल्ट. वाचणाऱ्याला वाटतं, ४ व्होल्ट दिले की उघडला. पण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं, २५० मायक्रोअँपिअरला. म्हणजे तेवढ्या व्होल्टेजला तो नुसता किलकिला होतो. माझ्या पट्टीला लागतात २ अँपिअर, त्याच्या आठ हजार पट! त्याचा १७.५ मिलिओहमचा ऑन रेझिस्टन्स, म्हणजे उघडल्यावरचा अडथळा, कंपनी सांगते तो गेटवर १० व्होल्ट असताना.

गंमत म्हणजे उनोच्या ५ व्होल्टवर हा मॉसफेट एवढ्या लोडला बऱ्याचदा चालून जातो. त्यामुळेच चूक वर्षभर लपली. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टने ती उघडी पाडली.

म्हणून डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड नाही, ऑन रेझिस्टन्सची ओळ बघा, आणि तो कुठल्या गेट व्होल्टेजला दिलाय ते बघा. आयआरएलझेड४४एन ५ व्होल्टला २५ मिलिओहम देतो, उनोसाठी उत्तम. पण त्याचाही शेवटचा आकडा ४ व्होल्टचा आहे, ३.३ ला कंपनी हमी देत नाही. एओ३४०० ला २.५ व्होल्टचा आकडा आहे, फक्त तो तांदळाच्या दाण्याएवढा, डाग देताना हात स्थिर हवा. पुण्यात तापकीर गल्लीत जा की मुंबईत लॅमिंग्टन रोडला, चिठ्ठीवर पूर्ण क्रमांक लिहून न्या. 'झेड चव्वेचाळीस द्या' म्हणालात तर एफवाला येईल की एलवाला, काही सांगता येत नाही.

बीसी५४७ आणि गेनचा हिशोब

बीसी५४७ सारख्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये (त्याचे पाय बेस, कलेक्टर आणि एमिटर) हीच चूक दुसऱ्या वेषात येते. १०० मिलिअँपिअरचा लोड, गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला मिळतो) २००, म्हणजे बेसला अर्धा मिलिअँपिअर पुरे, असा हिशोब कॉलेजातल्या प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसतो. तो गेन अॅम्प्लिफायरसाठी. स्विच म्हणून वापरताना बेसला कलेक्टरच्या दहावा, फार तर विसावा भाग द्या. १०० मिलिअँपिअरला ५ मिलिअँपिअर धरले तर ५ व्होल्टच्या पिनवर ८२० ओहम येतात. दहा किलोओहम लावून 'ट्रान्झिस्टर तापतोय' म्हणू नका. आणि १०० मिलिअँपिअर ही बीसी५४७ ची कमाल मर्यादा आहे. आख्खी पट्टी त्याच्यावर टाकायची नसते.

मग लोक टीआयपी१२२ कडे वळतात. तो डार्लिंग्टन, म्हणजे एकात दोन ट्रान्झिस्टर. बेसचे लाड कमी, पण पूर्ण उघडला तरी २ अँपिअरला साधारण १ व्होल्ट खातो. म्हणजे २ वॅट. हीटसिंकशिवाय त्याच्या आतल्या चिपचं तापमान वॅटमागे ६२ अंशांच्या आसपास चढतं. खोलीपेक्षा सव्वाशे अंश जास्त. आयआरएलझेड४४एन त्याच जागी ०.१ वॅट घेतो.

लोड चुकीच्या बाजूला

एनपीएनच्या (बीसी५४७ त्यातलाच) एमिटरला किंवा एन-चॅनल मॉसफेटच्या (वरचे सगळे त्यातलेच) सोर्सला लोड जोडला तर लोडला पिनपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतच नाही. एनपीएन असेल तर ५ व्होल्टच्या पिनवर ४.३. बारा व्होल्टचा पंखा जेमतेम हलतो, पट्टी तर पेटतच नाही. लोड १२ व्होल्ट आणि ड्रेनच्या मध्ये, सोर्स सरळ ग्राउंडला.

ग्राउंडवरून आठवलं: १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरचं ग्राउंड आणि बोर्डचं ग्राउंड जोडलंय ना? पट्टी हात लावला की लुकलुकते, मध्येच बंद पडते, तेव्हा दहापैकी नऊ वेळा ही एक वायर राहिलेली असते. आणि पट्टी काही केल्या विझतच नसेल तर ड्रेन-सोर्स उलटे लागलेत का बघा. मॉसफेटच्या पोटात डायोड असतो, तो उलट्या जोडणीत कायम वाहतो.

पी-चॅनल, म्हणजे गेट सोर्सच्या खाली नेलं की उघडणारा मॉसफेट, वापरणाऱ्यांची वेगळीच फजिती. सोर्स १२ व्होल्टवर, गेट ५ व्होल्टच्या पिनवर: पिन हाय असो वा लो, गेट सोर्सपेक्षा ७ ते १२ व्होल्ट खालीच राहतं. मॉसफेट कधीच बंद होत नाही. गेटला १२ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर (पुल-अप) असेल तर तो पिनमध्येही घुसतो. मध्ये एक एनपीएन हवाच.

मोटर आणि फ्रीक्वेन्सी

मोटरला उलटा डायोड लावायचा हे बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र रिलेवर चालणारा १एन४००७ इथे मंद पडतो; पीडब्ल्यूएमला यूएफ४००७ किंवा शॉटकी १एन५८१९ घ्या, करंट त्यांच्या १ अँपिअरच्या आत असेल तर.

उनोच्या बहुतेक पिनांवरचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा, म्हणून मोटर गुणगुणते. ती गप्प करायला फ्रीक्वेन्सी २० किलोहर्ट्झच्या वर नेली की नवा ताप सुरू. माझ्या मॉसफेटच्या गेटमध्ये ६३ नॅनोकुलोंब चार्ज भरायचा आणि पिन देणार २० मिलिअँपिअर: भरायला ३ मायक्रोसेकंद, रिकामं करायला ३. एक पूर्ण फेरीच ५० मायक्रोसेकंदांची. फेरीचा आठवा भाग दार उघडण्या-मिटण्यातच गेला. इथे गेट ड्रायव्हर, म्हणजे गेटला झटपट करंट देणारी चिप, लावा.

पिन निवडतानाही जपा. उनोवर सर्व्हो लायब्ररी घेतली की ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएम जातो, आवाज काढणारं टोन फंक्शन वापरलं की ३ आणि ११ चा बिघडतो. ५ आणि ६ ची फ्रीक्वेन्सी बदलली तर मिलिस आणि डिले या वेळेच्या फंक्शन्सचं घड्याळ चुकतं.

सुरू होतानाचा झटका

रीसेटच्या काळात पिन तरंगत असते, म्हणजे धड हाय नाही, धड लो नाही, आणि तरंगतं गेट कुठेही जाऊ शकतं. गेट ते सोर्स १० किलोओहम लावला की ते खाली बसतं. एवढं मला माहीत होतं, तरी फसलो.

माझ्या मॉसफेटला १० व्होल्टच हवे होते, म्हणून मी गेट २.२ किलोओहममधून १२ व्होल्टला ओढलं आणि बीसी५४७ ने ते ग्राउंडला खेचायची सोय केली. बेसला ४.७ किलोओहम. मॉसफेट थंड, पट्टी लख्ख. फक्त हिशोब उलटा, प्रोग्रॅममध्ये २५५, म्हणजे पूर्ण ड्युटी, लिहिलं की विझते. आता पिन तरंगली की बीसी५४७ बंद, म्हणजे पट्टी पूर्ण चालू. आरतीच्या मधेच वीज जाऊन आली आणि मंद समईच्या उजेडातलं मखर एकदम लग्नाच्या हॉलसारखं उजळलं. आता त्या पिनवरून ३.३ व्होल्टला १० किलोओहम लावलाय. पिन १२ मात्र टाळली. तिला सुरुवातीलाच वर ओढलं तर ईएसपी३२ सहसा बूटच होत नाही.