निफाडच्या मळ्यासाठी रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

तयारीच्या कागदावर सगळ्यात वर 'शिकारीसाठी' असं लिहिलं असेल तर ते आधी खोडा. अमेरिकेत लोक खांद्याला रायफल आणि कमरेला .२२ चं (म्हणजे साधारण ०.२२ इंच नळीचं) छोटं रिव्हॉल्व्हर लावून रानात जातात. ससा, खार, नाहीतर सापळ्यात अडकलेलं जनावर, एवढंच त्या रिव्हॉल्व्हरचं काम. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशावर बार काढला तरी गुन्हा होतो.

मग बिबट्याचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. थ्री फेज लाइट रात्री येते, उसाला पाणी द्यायला जावंच लागतं, भीती खोटी नाही. पण बिबट्या त्याच कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांतला. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. जिवावर बेतलं तर स्वसंरक्षणाची सवलत कायद्यात आहे, पण त्या वेळी तुम्ही स्वतः काही बेकायदा करत असाल तर तीही नाही. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या .३२ च्या रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, आणि चालही मंद. अंधारात, धडधडत्या छातीनं ती झाडली तर बिबट्या मरण्यापेक्षा जखमी होण्याचीच शक्यता जास्त, आणि जखमी बिबट्या उसात शिरला की सगळी वस्ती धोक्यात. त्यापेक्षा मोठी बॅटरी, काठी आणि सोबतीला माणूस घ्या, वनखात्याचा १९२६ हा नंबर मोबाइलमध्ये टाका.

आता मळा कुठे आहे ते नकाशावर बघा. ही गोष्ट बहुतेकांच्या यादीत नसतेच. नांदूर मधमेश्वर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा परवाना मिळत नाही. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीकडच्यांनी हे आधीच धरून चालावं. पुढे परवाना मिळाला तरी पाहुण्यांना पक्षी दाखवायला अभयारण्यात जाताना हत्यार घरी ठेवायचं. लेखी परवानगीशिवाय ते आत नेता येत नाही.

अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. फॉर्म ए-१ भरा, सोबत हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र लागेल. कारण खरं तेच लिहा: एकटी वस्ती, द्राक्षाच्या हंगामात घरात असणारी रोकड. परवाना ५ वर्षांचा असतो.

निवडीला तसा फार वाव नाही. .३८ प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणारं नळीचं माप, त्यामुळे उरतात .३२ आणि .२२. इशापूरचं 'निडर' .२२ चं, वजन जेमतेम पाव किलो. कानपूरचं 'निर्भीक' .३२ चं, टायटॅनियमचं, अर्धा किलोच्या आसपास. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ'ही .३२ चंच, पण त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, बाजूला उघडतं. जुन्या धाटणीची रिव्हॉल्व्हरं मधून मोडून उघडतात. हलकं ते चांगलं, असं दुकानात प्रत्येकाला वाटतं. माझं मत उलटं आहे. हलकं हत्यार उडी जास्त मारतं आणि चाप दाबताना हातात डुगडुगतं. म्हणून मूठ पूर्ण पंजात बसते का, घोडा आधी न चढवता चाप एका बोटानं सरळ ओढता येतो का, हे बघा. अर्थात सिलिंडर उघडून, रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून. .२२ वर मात्र रिकामा चाप ओढत बसू नका. त्यातली टाचणी, म्हणजे काडतुसावर आपटून बार काढणारी पिन, काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसेल तर ते बसतं त्या कक्षाच्या धातूवर आपटते. काडतुसांचं बोलायचं तर वर्षाचा कोटा परवान्यावरच लिहिलेला असतो. सराव त्यातूनच आणि नेमबाजीच्या रेंजवरच करायचा, बांधावर बाटल्या मांडून नाही.

घरात भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट हवं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि चावी देवघरात ठेवायची नाही, ते सगळ्या घराला ठाऊक असतं. पुतण्याच्या वरातीत हौसेनं बार काढलात तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायचा निरोप ठाण्यातून येऊ शकतो. जमा करताना नंबर स्वतः वाचून पावतीशी जुळवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.