जुन्या अमेरिकी मासिकांतल्या खोल्या काढताय? या चुका टाळा

1950 च्या आगेमागे अमेरिकी मासिकांत छापली जाणारी ती घरं सध्या पुन्हा चलतीत आहेत. कॅफेच्या मेन्यूकार्डापासून वास्तुशांतीच्या पत्रिकेपर्यंत सगळ्यांना 'तसलं' चित्र हवं असतं: निमुळत्या पायांचा बुटका सोफा, भिंतभर काच, कोपऱ्यात झाड. काढायला सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ही चित्रं छापखान्यासाठी आणि बहुतेक वेळा काहीतरी विकण्यासाठी काढलेली होती, हे ध्यानात घेतलं नाही की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

पिवळा रंग कागदाचा आहे, चित्राचा नाही

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. रद्दीत मिळालेलं पान पिवळटलेलं असतं आणि आपण तीच रंगसंगती धरून चालतो. मग सगळी खोली चहात बुडवून काढल्यासारखी. आधी पानाची कोरी कड बघा. तो कागद छापताना जवळपास पांढरा होता. कडेवर जेवढा पिवळेपणा आहे तेवढा संपूर्ण चित्रातून वजा करा. खालून फिकट गुलाबी, फिरोजी, लिंबू पिवळा आणि त्यांना धरून ठेवणारा कोळशासारखा करडा बाहेर येतो. तो करडा विसरू नका, गुलाबी रंग त्याच्याच जिवावर उठून दिसतो.

स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागची जाहिरात झिरपून दिसणार नाही. स्कॅनवर लाटांसारखी नक्षी उठत असेल तर ती छपाईच्या ठिपक्यांची आणि स्कॅनरच्या जाळीची टक्कर आहे. 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून, डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) वापरून, मग आकार लहान करा. थेट 150 ला स्कॅन करून नंतर ब्लर मारत बसलात तर सोफ्याच्या कापडाची वीणही जाते.

ठिपके सरसकट शिंपडू नका

एकदा हिरव्या उशीचा कोपरा भिंगाखाली धरला. लांबून एकसंध शेवाळी. आत मात्र निळे आणि पिवळे ठिपके, मधूनच किरमिजी, सावलीत काळे. उशीच्या कडेला निळा केसभर बाहेर सरकलेला. छापखान्याच्या भाषेत रजिस्टर हललेलं. ते सरकणं म्हणजे दोष होता, शैली नव्हे. याउलट दोन-तीन रंगांच्या रेखाचित्रांत रंगाचा ठोकळा रेषेबाहेर मुद्दाम ढकललेला दिसतो: खुर्चीची रेषा इकडे, तिचा केशरी डाग तिकडे. ही दोन वेगळी घराणी आहेत. गॉशमध्ये (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगात) रंगवलेल्या भरगच्च खोलीवर हलक्या रेखाचित्राची सरकासरकी चढवली की चित्र जुनं दिसत नाही, बिघडलेलं दिसतं.

तारखा तपासा

1952 ची खोली म्हणून दिलेल्या चित्रात लाव्हा लॅम्प (आत रंगीत मेणाचे गोळे तरंगणारा दिवा) हमखास सापडतो. तो 1963 चा. ईम्स दांपत्याची ती प्रसिद्ध आरामखुर्ची 1956 ची, आर्ने याकोब्सेनची 'एग' खुर्ची 1958 ची. अव्होकाडो हिरवा फ्रिज तर साठच्या दशकाच्या उत्तरार्धाकडे नेतो. टीव्ही चपटा काढू नका. तेव्हा ते लाकडी पेटीतलं जाडजूड फर्निचर असे.

आणि खरं सांगायचं तर प्रत्येक खोलीत नामांकित डिझायनरांचं प्रदर्शन भरवायची गरजच नाही. सगळी अमेरिका काही काचेच्या घरांच्या प्रेमात नव्हती. 'हाउस ब्यूटिफुल'च्या संपादक एलिझाबेथ गॉर्डन यांनी 1953 च्या एप्रिल अंकात असल्या कोरड्या आधुनिकतेवर सणसणीत लेख लिहिला होता. मासिकांतल्या घरांत फुलाफुलांचा वॉलपेपर, झालरीचे पडदे आणि वसाहतकाळच्या धाटणीच्या लाकडी खुर्च्याही सुखाने नांदत. एक नवं टेबल, बाकी सगळं आजीच्या वळणाचं, अशी खोली जास्त खरी वाटते.

सोफा तरंगतोय?

ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. कारण बहुधा असं की सोफा एका फोटोवरून उचललाय, दिवा दुसऱ्या, खिडकी तिसऱ्या. तिघांची डोळ्याची पातळी वेगवेगळी. आधी खोलीची क्षितिजरेषा ठरवा आणि प्रत्येक वस्तू तिच्याशी जुळवा. सोफ्याच्या चार पायांचे ठसे जमिनीवर आधी मांडा, त्यांचा चौकोन खोलीच्याच व्हॅनिशिंग पॉइंटकडे (लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूकडे) जातोय का ते पाहा, मगच वर सोफा चढवा. पाय जिथे टेकतो तिथे गडद, अरुंद सावली हवीच. निमुळत्या पायांखाली ती नसेल तर कितीही मऊ शेडिंग करा, उपयोग नाही.

पातळी कुठे धरायची हे काय विकायचंय त्यावर ठरतं. फरशी विकायची असेल तर नजर वर घ्या, सामान भिंतींकडे सारा, मधली जमीन मोकळी सोडा. आर्मस्ट्राँग कंपनीच्या लिनोलियमच्या (जमिनीवर अंथरायच्या आच्छादनाच्या) जाहिराती पाहा, अर्धं पान जमीनच. उलट चित्रकार चार्ल्स श्रीड यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटोरोलाच्या जाहिरातींसाठी काढलेली घरं बघा: घर नव्हे, आख्खा देखावा, आणि त्यात टीव्ही ऐटीत बसलेला. तुमच्या चित्रात सगळ्याच वस्तूंवर सारखा उजेड पडत असेल, तर काय विकतोय हे तुमचंच ठरलेलं नाही.

रंग वाळल्यावर बदलतो

हाताने करणार असाल तर गॉश घ्या; नसेल तर एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेतले पोस्टर कलरही चालतील. दोन्हींची खोड एकच: फिका रंग वाळल्यावर किंचित गडद होतो, गडद रंग फिका पडतो. ओल्या रंगावर भरवसा ठेवून भिंत रंगवली आणि उरलेला कोपरा दुसऱ्या दिवशी नव्याने कालवलेल्या रंगाने भरला, की जोड दिसलाच. भिंतीपुरता रंग एकदाच, जरा जास्तच कालवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी ओढून पूर्ण वाळू द्या, मग भिंतीला हात लावा.