काम सुटलंय? सही करताना आणि अर्ज भरताना या चुका टाळा

आमच्या गल्लीतला एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नऊ वर्षं होता. ऑर्डरी घटल्या आणि एका संध्याकाळी पाळी सुटताना त्याच्यापुढे कन्नड कागद आला. "हिशोबाचा आहे, सही कर." शिक्षण मराठी शाळेतलं, कन्नड अक्षरं लावायला वेळ लागतो आणि मागे माणसं उभी. त्याने सही केली. तो राजीनामा होता.

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कामगारकपातीत काढलं तर भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मागता येते. राजीनामा दिला की ती मागणी उरत नाही. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही हातची जाते. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर ही योजना पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के भत्ता देते. म्हणून कागद मोठ्याने वाचून दाखवा म्हणा. कन्नडमध्येही त्याला 'राजीनामे'च म्हणतात, कानावर पडताच कळेल. सही होऊन गेली असेल तर त्याच आठवड्यात कामगार अधिकाऱ्याकडे काय घडलं ते लिहून द्या आणि तारखेची पोच घ्या.

दुसरी चूक म्हणजे कर्नाटक सरकारच्या युवानिधी या बेकारी भत्त्याच्या मागे धावणं. ती योजना पदवी किंवा डिप्लोमा नुकताच झालेल्या, काम न मिळालेल्या मुलांसाठी आहे. दहा वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

त्याने पाहायची ती ईएसआयची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ला सुरू झाली. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो. मूळ दर सरासरी पगाराच्या २५ टक्के होता, मार्च २०२०पासून तो ५० झाला. ही वाढ मुदतीची असून मुदत वाढवत आणली आहे, म्हणून अर्जाआधी शाखेत चालू दर विचारा. अंशदान कालावधी म्हणजे वर्गणीचा सहा महिन्यांचा टप्पा; असे चार कालावधी, म्हणजे दोन वर्षं, यांची कमाई ७३० दिवसांनी भागतात. महिना १५,००० रुपये पगारावर दोन वर्षं सलग वर्गणी भरली असेल, तर ५० टक्क्यांनी दिवसाला सुमारे २४६ रुपये येतात, ९० दिवसांचे बावीस हजारांच्या आसपास. एवढ्यात शाळेची फी आणि दोन-तीन महिन्यांचं रेशन निघतं, सोडून देऊ नका.

अडतं ते दिवसांवर. दोन वर्षं विम्यातली नोकरी हवी आणि लगतच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस भरलेले हवेत. ठेकेदार पूर्ण महिना राबवून घेतो आणि कागदावर कमी दिवस दाखवतो, असंही होतं. नोकरी चालू असतानाच ईएसआयच्या पोर्टलवर आपले दिवस तपासा. बेळगावात राहून शिनोळीत किंवा निपाणीहून कागलला कामाला जाणारे विचारतात, अर्ज कर्नाटकात की महाराष्ट्रात? ईएसआय आणि पीएफ केंद्राचे आहेत, सीमेने हक्क बदलत नाही.

नावाचं दुखणं मात्र सीमेचंच. शाळेच्या दाखल्यावर परशराम, आधारवर कन्नडमधून आलेला परशुराम, कंपनीत आद्याक्षर आधी आणि आडनाव शेवटी. एका अक्षराच्या फरकावर अर्ज परत येतो. आधी आधार दुरुस्त करा, मग पीएफचं नाव. सिंडिकेट बँकेचं जुनं पासबुक जोडणारे अजून भेटतात. ती बँक एप्रिल २०२०मध्ये कॅनरात विलीन झाली आणि जुना आयएफएससी चालत नाही. नवं पासबुक घ्या.

पीएफमध्ये कंपनीने 'नोकरी सोडल्याची तारीख' टाकली नसेल तर हात जोडत फिरू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. पाच वर्षांच्या आत रक्कम काढली आणि ती ५०,०००च्या वर असेल तर कर कापला जातो, तेव्हा पॅन जोडलेला हवा.

आणि पेन्शनचे पैसे घाईने काढू नका. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो, काढून घेतले की मागची वर्षं पुसली जातात. मोल्डरने एवढं मात्र राखलं. पेन्शनचा १०सी फॉर्म भरताना त्याने पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे मागची वर्षं पुढच्या नोकरीत जोडून देणारा दाखला, मागितलं. आता तो शिनोळीत लागलाय, आणि त्याची मोजणी नऊच्या पुढे चालू आहे.